रत्नागिरीत १९ महिन्यांचा मुलगा आणि मे अखेरीस येणारं बाळ: डबल प्रॅम घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोठा मुलगा १९ महिन्यांचा, दुसरं बाळ मे अखेरीस. घर मारुती मंदिर परिसरात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. सासर गुहागरला. यजमान दिवसभर कामावर, त्यामुळे दोघांना घेऊन एकटीनं बाहेर पडता यावं म्हणून दोन सीटची बाबागाडी घ्यायचा विचार आहे, पण पैसे वाया जातील अशी धास्तीही वाटते.

माझं मत: आत्ता घेऊ नका. ऑक्टोबरपर्यंत थांबा. तेव्हाही बहुधा लागणार नाही, पण निदान नीट मोजूनमापून ठरवता येईल.

आधी कॅलेंडर बघा. मे अखेरीस बाळ आलं की सव्वा महिना घरातच जातो. तो संपतो जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दोन सीटची गाडी ढकलायला दोन्ही हात लागतात, मग छत्री कोण धरणार? प्लास्टिकचं रेन कव्हर घातलं तर आपल्या दमट हवेत आत मूल घामानं भिजतं. म्हणजे गाडी घरात आली तरी पहिले चार महिने घडी होऊन कोपऱ्यात उभी राहणार, आणि पावसाळ्यात कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या कापडाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. उघडीप होईपर्यंत मोठा २८ महिन्यांचा झालेला असेल. त्या वयाच्या मुलाला अर्धा वेळ चालायचं असतं आणि उरलेला अर्धा वेळ कुणीतरी उचलून घ्यायला हवं असतं. गाडीत बसायला ते पहिल्यासारखं राजी नसतं.

आता वजन. साधारण आकडे धरू: डबल गाडी १३ किलो, मोठा मुलगा १२, तीन-चार महिन्यांचं बाळ ५, पिशवी आणि पाणी ३. झाले ३३ किलो. मारुती मंदिराकडून खाली बाजारपेठेकडे उतरायचं म्हटलं की उतार आहेच आणि परतताना तोच चढ. दहा फुटांना एक फूट चढ असेल तर ३३ किलोची गाडी सतत ३.३ किलोनं मागे ओढते. चाकांचं घर्षण आणि खड्डे वेगळे. उतरताना तेवढाच ओढा पुढे. एकेरी हलकी गाडी ७ किलो, त्यात मोठा १२ आणि थोडं सामान २, म्हणजे २१ किलो, ओढा २.१ किलोवर येतो आणि गाडी एका हातानं आवरता येते. त्यात सिझेरियन झालं तर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं सांगतात. १३ किलोची घडी केलेली गाडी डिकीत टाकणं त्या काळात तुमच्या एकटीच्या आवाक्यातलं नाही.

डिकीचं निघालंच आहे तर: कारला सीएनजीचा सिलिंडर असेल तर डिकी जवळजवळ संपलेलीच असते. डबल गाडीची घडी मागच्या सीटवर ठेवावी लागेल, मग मुलं कुठे बसणार? विकत घेण्याआधी घडीची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही विचारा. जाहिरातीत बहुतेकदा उघड्या गाडीचंच माप ठळक असतं.

रुंदीचं गणित घरच्या घरी करता येतं. शेजारी-शेजारी दोन सीट असलेली गाडी साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर रुंद असते. फ्लॅटच्या आतल्या खोल्यांची दारं बऱ्याचदा अडीच फुटांची, म्हणजे ७६ सेंटिमीटर, आणि चौकटीमुळे त्यातलेही दोन-चार कमी होतात. सहा माणसांच्या लिफ्टचं दार ७० ते ८० च्या दरम्यान. एक काठी ७८ सेंटिमीटरवर कापा, ती दोन्ही हातांत आडवी धरा आणि जिथे जिथे जायचं मनात आहे तो सगळा रस्ता एकदा चालून या: घराचं दार, लिफ्ट, सोसायटीचं फाटक, किराणा दुकानाची पायरी, डॉक्टरांचा दवाखाना, वाटेतल्या उभ्या मोटारसायकली. काठी किती ठिकाणी अडली ते मोजा. दोन-तीनपेक्षा जास्त वेळा अडली तर रुंद गाडीचा विषय तिथेच मिटला.

एकामागे एक सीट असलेली गाडी अरुंद असते, दारातून जाते, पण लांब असते. वळणावर तिला जागा लागते आणि पायरी किंवा गटाराच्या फरशीवर चढवताना पुढचं चाक उचलायला मागे जोर देऊन दांडा दाबावा लागतो. पुढच्या सीटवर १२ किलोचं मूल असेल तर ते जमत नाही. वर-खाली सीट असलेल्या प्रकारात खालचं मूल जमिनीपासून वीतभरावर येतं. रस्त्याला फुटपाथ नसला की रिक्षाचा धूर आणि चिखलाचे शिंतोडे थेट त्याच्या तोंडावर. कोकणातल्या रस्त्यांसाठी हा प्रकार मला अजिबात पटत नाही.

गुहागरचा विचार वेगळा करा, कारण गणपतीला तुम्ही तिकडे जाणारच. जयगड-तवसाळ फेरीबोटीनं जात असाल तर जेटीचा उतार ओहोटीला जास्त उघडा पडतो आणि एरवी पाण्याखाली असलेल्या भागावर शेवाळ असतं. त्या उतारावर मूल गाडीत बसवून ढकलू नका. बाळ अंगाशी, मोठा कडेवर आणि गाडी दुसऱ्या माणसाच्या हातात. गावात मुख्य रस्ता सपाट आहे, पण रस्त्यावरून घरापर्यंतची वाट पोफळीच्या वाडीतून असेल तर ती अरुंद असते, मध्ये पाण्याचे पाट आणि नारळाची मुळं. जांभ्याच्या पायऱ्या असलेली पाखाडी असेल तर चाकांचा उपयोग शून्य. चिऱ्यांच्या फरसबंदीत दोन चिऱ्यांमधल्या फटीत पाच-सहा इंचांची प्लास्टिकची चाकं आडवी होऊन अडकतात. शेणानं सारवलेलं कोरडं अंगण मात्र गाडीला झकास; मोठ्याला तिथे एकेरी गाडीत फिरवून झोपवता येतं.

मग पर्याय काय? बाळ अंगावर बांधायचं आणि मोठ्यासाठी एकेरी हलकी गाडी ठेवायची. ती बहुधा तुमच्याकडे आहेच. हे नीट जमलं तर डबल गाडीचा प्रश्नच उरत नाही, म्हणून याबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

बाळ बांधायला तीन गोष्टी मिळतात: लांब कापड, कडी लावलेली झोळी आणि बकलवाला कॅरिअर. आपल्या हवेत पातळ सुती, एकपदरी कापडच घ्या. जाड पॅड भरलेला कॅरिअर दिसायला भक्कम असतो, पण ऑक्टोबरच्या उन्हात दहा मिनिटांत दोघंही घामानं निथळता. कॅरिअर घेताना किमान वजन वाचा. बऱ्याच कॅरिअरवर ३.२ किंवा ३.५ किलोपासून वापरा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडची पुष्कळ बाळं जन्मताना अडीच-तीन किलोची असतात. तेवढं वजन भरेपर्यंत त्यात ठेवायचं नाही. बाळ दिवस भरण्याआधी आलं किंवा वजन कमी असलं तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बांधूच नका. सिझेरियन असेल तर कमरेचा पट्टा टाक्यांवर येतो. टाके बरे झाल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरुवात करा आणि पट्टा टाक्यांच्या वर बांधा.

बांधल्यावर दर वेळी हे तपासा. बाळाचं तोंड तुम्हाला मान खाली केली की पूर्ण दिसलं पाहिजे, कापडाचा पदर नाकावर नको. डोकं इतकं वर हवं की मान वाकवून मुका घेता यावा. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुमची दोन बोटं मावली पाहिजेत. हनुवटी छातीला टेकली की तान्ह्या बाळाची श्वासनळी दबते आणि ते रडून सांगूही शकत नाही. पाठीला कापडाचा घट्ट आधार हवा, नाहीतर बाळ घसरून गोळा होतं. गुडघे बुडापेक्षा किंचित वर, पाय बेडकासारखे फाकलेले; सरळ लोंबणारे पाय खुब्यासाठी चांगले नाहीत. अंगात एक पातळ झबलं पुरे. बाळ बांधून गॅसपाशी उभं राहू नका. बाळ बांधून स्कूटरवर तर कधीच बसू नका. मोठ्यासाठीही लक्षात ठेवा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट लागतं आणि वेग ४० च्या आत ठेवावा लागतो, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

या पद्धतीत बिघडतं ते बहुधा मोठ्याच्या बाबतीत. बाळ आईच्या अंगाशी आणि आपण गाडीत, हे त्याला चटकन कळतं आणि तो गाडीतून उतरून कडेवर यायचा हट्ट धरतो. त्यासाठी बाळ यायच्या आधीपासूनच, म्हणजे आत्तापासून, रोज थोडं अंतर त्याला चालायची आणि मग गाडीत बसायची सवय लावा. बाळाची दुपट्यांची पिशवी त्याच्या मांडीवर सांभाळायला द्या. भर रस्त्यावर बाळ बांधलेलं असताना खाली वाकून मोठ्याला उचलायचं नाही; आधी गाडीला ब्रेक लावा, एका हातानं बाळाचं डोकं धरा, गुडघ्यात बसा आणि त्यालाच तुमच्याकडे येऊ द्या.

मागे उभं राहायची चाकांची फळी, तिला बग्गी बोर्ड म्हणतात, हाही एक उपाय आहे: बाळ थोडं मोठं झाल्यावर गाडीत आणि मोठा मागे फळीवर उभा. साधारण दोन वर्षांपासून २० किलोपर्यंत चालते. सपाट डांबरी रस्ता असेल तरच. खडीवर किंवा उतारावर मूल उडतं, आणि ढकलणाऱ्याच्या नडग्या फळीवर आपटतात.

डबल गाडी योग्य ठरते अशीही घरं आहेत. दोन मुलांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल, जुळी असतील, मोठ्याला चालण्यात काही अडचण असेल किंवा तुमच्या पाठीला बाळ बांधणं झेपत नसेल, आणि त्याच वेळी रोज एकटीनं सपाट, बांधलेल्या रस्त्यावर किलोमीटरभर चालायचं असेल, तर जरूर घ्या. कुवारबावच्या बाजूला सपाटीवर मोठ्या सोसायटीत राहणाऱ्याला ती तुमच्यापेक्षा नक्कीच जास्त उपयोगी पडेल.

घ्यायचीच ठरली तर पहिली अट अशी की निदान एक सीट पूर्ण आडवी व्हायला हवी. बाळाची मान साधारण चौथ्या महिन्यात धरते, आणि सहा महिन्यांपर्यंत, बसायला लागेपर्यंत, त्याला सपाटच निजवावं लागतं. 'झुकणारी सीट' एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक सीटची वजनमर्यादा वेगळी वाचा. पुष्कळ गाड्यांची १५ किलो असते, आणि तिथवर पोचायला मोठ्याला फार वेळ लागणार नाही. युरोपच्या ईएन १८८८ मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतचा आणि दुसरा २२ किलोपर्यंतचा आहे. लेबलवर दुसरा भाग लिहिलेला असेल तर जास्त टिकेल. पट्टे पाच टोकांचे हवेत, खांद्याचे दोन, कमरेचे दोन आणि मधला एक. चाकं निदान आठ इंचांची, पुढची चाकं सरळ लॉक होणारी, कारण खडबडीत वाटेवर मोकळं फिरणारं चाक आडवं होतं. दांड्याला जड पिशव्या लटकवू नका. मूल उतरलं की गाडी मागे उलटते. उन्हाच्या बचावाला वरून जाड ओढणी टाकायची सवय असते, तीही नको. आतली हवा कोंडून झपाट्यानं तापते. हूड आणि सावली पुरे.

खारी हवा या सगळ्याचा शत्रू आहे. दुकानात जाताना खिशात छोटं चुंबक ठेवा. दांड्याला चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर बहुधा ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमच घ्या, पण रिव्हेट आणि घडीच्या लॉकमधली स्प्रिंग त्यातही बहुतेकदा पोलादीच असते, आणि आधी तीच गंजते. लॉक पूर्ण बसल्याचा 'टक्' आवाज येईनासा झाला की गाडी वापरणं थांबवा. भाट्ये किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर ओल्या घट्ट वाळूवर गाडी चालते, कोरड्या वाळूत रुतते. परत आल्यावर चाकांवर गोडं पाणी ओता, सावलीत वाळवा आणि आसाला सिलिकॉन स्प्रे मारा. घरातलं खोबरेल घालू नका. त्याला वाळू चिकटते आणि आस घासला जातो. पावसाळ्यात गाडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. कापड काढून धुवा, पूर्ण वाळवा, सांगाडा उघडाच ठेवा. बुरशीचे ठिपके दिसले तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून पुसा आणि ऊन पडलं की तासभर बाहेर काढा.

ऑनलाइन मागवली तर परत करायची मुदत आधी वाचा आणि मुलं बसवण्याआधी घरातच परीक्षा घ्या. एका सीटवर १२ किलो तांदूळ, दुसऱ्यावर ५ किलो, पट्टे लावून. गाडी लिफ्टमध्ये नेऊन आणा, एका हातानं वळवून बघा, उतरत्या रॅम्पवर ब्रेक लावून पाच मिनिटं उभी ठेवा. मग तांदूळ काढून, बाळाच्या वजनाची पिशवी कडेवर घेऊन, दुसऱ्या हातानं घडी होते का ते बघा. घडी झाली नाही तर खोकं फाडू नका, तशीच परत पाठवा.