घरोबा आहे, मग हिशेब कसा मागायचा?

प्रश्न : आमच्या छोट्या कारखान्यात मोजकेच कामगार आहेत. मालक मनाने चांगले. माझ्या आजारपणात त्यांनी न मागता उचल दिली. मात्र जादा कामाच्या तासांची नोंद कुठेच होत नाही आणि गेल्या महिन्यात पगारातून काही रक्कम कापली गेली. विचारले, तर ‘आपण घरचीच माणसे’ असे उत्तर मिळाले. संबंध न बिघडवता हा विषय कसा काढावा?

उत्तर : मालकांच्या उचलीची जाण तुम्ही ठेवता, हे योग्यच आहे, परंतु जादा तासांचा मोबदला ही तुमच्या श्रमाची कमाई आहे, उपकाराची परतफेड म्हणून ती सोडून देण्याचे कारण नाही. लहान व्यवसायात सलोखा असतोच, हा समज जुना आहे. ब्रिटनमधील लहान उद्योगांची पाहणी करणाऱ्या बोल्टन समितीने १९७१च्या अहवालात, अशा ठिकाणी परस्परविश्वास अधिक आणि संप कमी असतात, असे म्हटले होते. त्यावर पुढील अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप मला पटतो : संप नाही म्हणजे समाधान आहे असे नव्हे, कारण जेथे संघटना नसते आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध त्याच्याकडेच न्यावी लागते, तेथे नाराज माणूस निमूटपणे नोकरी सोडून जातो.

कापलेली रक्कम कदाचित उचलीचाच हप्ता असेल, म्हणून आधी तेवढेच विचारा. तसे असले, तरी हप्ता किती आणि बाकी किती, हे तुम्हाला कळलेच पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९च्या वेतन संरक्षण करारानुसार पगारातील कपात कायद्याने, कामगार संघटना व मालक यांच्यातील सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने घातलेल्या अटींतच करता येते आणि तिची माहिती कामगाराला द्यावी लागते.

कामाची घाई नसेल अशा वेळी मालकांना एकांतात भेटा. इतरांसमोर विषय काढल्यास त्यांना तो अपमान वाटेल. मागणी मात्र नेमकी ठेवा : एका वहीत रोज येण्या-जाण्याची वेळ लिहून दोघांनी सही करावी आणि पगारासोबत कमाई, कपात व उचलीची बाकी दाखवणारी चिठ्ठी मिळावी. अशी वही मालकांच्याही उपयोगाची असते, कारण उद्या एखाद्याने न केलेल्या तासांचे पैसे मागितले, तर त्यांच्या हातीही पुरावा राहतो.

ते तयार होईपर्यंत स्वतःची नोंद आजपासूनच तारीखवार ठेवा. स्पष्ट नकार मिळाल्यास, किंवा विचारल्याबद्दल त्रास सुरू झाल्यास, तीच नोंद घेऊन कामगार कार्यालयात सल्ला घ्या.