वास्कोत राहणाऱ्या नौदलाच्या कुटुंबाला बस-रेल्वे भाड्यात सवलत मिळते का?

मिळते, पण ती मुख्यतः रेल्वेत. ओळखपत्र किंवा डिपेंडंट कार्ड खिडकीवर दाखवलं म्हणून भाडं कमी होत नाही. त्यासाठी युनिटमधून सहीशिक्क्याचा ‘फॉर्म डी’ लागतो. तो असला की भाड्याचा काही हिस्सा तुम्ही भरता, उरलेला संरक्षण खातं रेल्वेला देतं. बायको-मुलांनाही तो चालतो. वॉरंट, म्हणजे युनिटचं प्रवासपत्र, वेगळं, त्यावर तिकीट फुकट. तुमच्या साध्या आयआरसीटीसी खात्यावर यातलं काहीच चालणार नाही. एकतर युनिटमार्फत डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टीमवर तिकीट काढा, नाहीतर मूळ कागद घेऊन वास्को किंवा मडगावच्या आरक्षण खिडकीवर जा. आणि डिफेन्स कोटा म्हणजे सवलत नव्हे, त्यात फक्त जागा मिळते. लोक हे दोन्ही हमखास एकत्र करतात.

वीरपत्नींची ७५ टक्के सवलत अजून जुन्या यादीत दिसते, पण मार्च २०२० मध्ये बऱ्याच सवलती थांबल्या त्यात तीही गेली. मला तरी हे पटलेलं नाही.

विमानात काही कंपन्या मूळ भाड्यावर सूट देतात, दाबोळी विमानतळावर ओळखपत्र सोबत ठेवा. कदंब, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, पासाचं स्टँडवरच विचारा. फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तसंही तिकीट नाही, मग तो फौजी असो वा पात्रांव (गोव्यात ‘मालक’)!