मिलॅक्सवर वॉलआय: रॉड, जिग, जळू आणि बाकीचं

तुम्ही लिहिलंय की मिनियापोलिसला येऊन वर्ष झालं, लायसन्स काढलंय, मे मधे ओपनरला (सीझन उघडतो त्या दिवशी) मित्राच्या बोटीतून मिलॅक्स तळ्यावर वॉलआय मासा धरायला जायचंय आणि दुकानात भिंतभर लटकलेली रंगीत आमिषं बघून डोकं गरगरलं. साहजिक आहे. माझंही पहिल्या वर्षी तेच झालेलं, एका दुकानातल्या माणसाने मला असली जाड रॉड गळ्यात मारली की तिने मगर ओढता आली असती, पण वॉलआय चावला तरी हाताला कळायचं नाही.

कळणं हेच या माशाचं सगळं गणित आहे. आपल्याकडे कोकणात गरवायला बसलो की पालू कसा, गळ घेऊन पळतो, तसं हा करत नाही. टक् असं एकदाच होतं, किंवा तेही नाही, नुसतं ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागतं. म्हणून पैसे रॉडवर घाला, साडेसहा ते सात फूट, मिडियम लाइट, फास्ट अ‍ॅक्शन (म्हणजे मुख्यतः टोकच वाकतं अशी), स्पिनिंग. रील 2500 साइजचं कुठलंही बरं चालेल. लाइन 10 पाउंडाची ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे दोन-तीन फूट 8 पाउंडाचा फ्लोरोकार्बन लीडर (पारदर्शक जोडलाइन), ब्रेड ताणत नाही त्यामुळे तळाचा दगड, चिखल, मासा, सगळं वेगवेगळं हाताला लागतं. वायरचा लीडर लावू नका, नॉर्दर्न पाइक हा दातेरी मासा अधूनमधून लाइन कापून नेईल, नेऊ दे.

आता आमिष. ओपनरला पाणी गार असतं तेव्हा जिग (वजनदार डोक्याचा गळ) आणि शायनर (मिनो, म्हणजे आमिषाचे छोटे मासे, त्यातलाच एक), विषय संपला. 1/8 औंसची जिग, वारा असेल किंवा वीस फुटाच्या खाली गेलात तर 1/4. मिनोच्या तोंडातून गळ घालून डोक्याच्या वरून काढायचा, म्हणजे कास्ट करताना निसटत नाही. जिग तळाला टेकू द्या, लाइन सैल पडली की टेकली, मग वीतभर उचला, परत टेकू द्या, बास. नवीन माणूस हमखास फार जोरात उडवतो. लाइन खाली जाता जाता मधेच थांबली तर लगेच झटका द्या, विचार करत बसू नका. रंगावरून लोक भांडतात, मी पोपटी आणि नारिंगी सोडून गेल्या काही वर्षांत काही घेतलेलं नाही.

पाणी 50 फॅरनहाइटच्या वर गेलं की जळवा. त्याआधी घेऊन उपयोग नाही, गार पाण्यात जळू गोळा होऊन बसते, हलतच नाही आणि न हलणाऱ्या जळूला कोण खाणार. तिच्या जाड टोकाला चकतीसारखा भाग असतो (ज्याने ती चिकटते) त्यातून बारीक गळ घाला, मग ती पाण्यात मस्त वळवळत राहते. मिलॅक्सवर जळू स्लिप बॉबरखाली (लाइनवर सरकणाऱ्या तरंग्याखाली) लावून दगडी रीफच्या कडेला सोडतात, तळापासून साधारण फूटभर वर. खोली आधी वजन सोडून मोजा, अंदाजाने नको, कारण मासा वर बघून येतो, खाली जात नाही फारसा. नवख्याला यापेक्षा सोपं काही नाही. उन्हाळ्यात मधल्या चिखलाच्या फ्लॅट्सवर लिंडी रिग (लाइनवर सरकतं वजन आणि मागे गळ) आणि गांडूळ चालतं, पण तिथे उलटं करायचं, चावा लागला की रीलची बेल (लाइन अडवणारी तार) उघडून लाइन सोडायची, थोडं जाऊ द्यायचं, मग हळू गुंडाळून रॉड मागे ओढायची.

पण यातलं काहीही भर दुपारी निवांत कडक उन्हात केलंत तर हात हलवत परत याल. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा थर असतो, कमी उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. 2005 मधे या तळ्यात झीब्रा मसल (पाणी गाळणारे छोटे शिंपले) सापडले, तेव्हापासून पाणी आणखी स्वच्छ झालंय, म्हणून पहाट, संध्याकाळ, नाहीतर ढगाळ आणि फूटभर लाटा असलेला दिवस धरा. फक्त हे तळं 132000 एकराचं आहे आणि जास्तीत जास्त 42 फूट खोल, म्हणजे उथळ परात, वारा सुटला की लाटा बघता बघता उठतात. छोटी बोट असेल तर लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नाही.

इथले किती आणि केवढे मासे ठेवायचे ते नियम दरवर्षी बदलतात, कधी सीझनच्या मधेच, काही वर्षी तर रात्रीच्या मासेमारीलाही बंदी होती. निघायच्या आदल्या दिवशी डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) साइटवर बघा आणि मोजपट्टी ठेवा. परतताना बोटीचा प्लग काढून पाणी सोडायचं, आमिषाच्या बादलीतलं तळ्याचं पाणीसुद्धा ओतायचं, उरलेले मिनो जगवायचे असतील तर घरून पाणी न्या.

ठेवायला मिळालाच तर फिले काढा, काटे कमी, पांढरं घट्ट मांस. आगळ, हळद, तिखट लावून अर्धा तास आणि रव्यात घोळवून तव्यावर. सुरमईची सर नाही येणार, पण हलव्याच्या जवळ जातो असं आमच्या घरी एकमत आहे.

उरलेल्या जळवा फ्रिजमधे आठवडाभर सहज टिकतात, पाणी बदलत राहा. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा पण. आमच्याकडे आईने चटणीचा समजून उघडला होता.