निधी आला, खर्चही झाला. मग घर अर्धे आणि औषध बाहेरून का? (वाचकांचे प्रश्न)

घरकुल आणि सरकारी दवाखाना या दोन विषयांवर गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. तक्रार वेगवेगळी असली तरी प्रश्न एकच निघतो: सरकारचा पैसा आपल्यापर्यंत येता येता कुठे थांबला, हे सामान्य माणसाने कसे शोधायचे? निवडक पत्रांना ही उत्तरे.

प्रश्न : प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घरकुल मंजूर झाले. पहिला हप्ता मिळाला. जोते होऊन दोन महिने झाले. ऑनलाइन दुसरा हप्ता 'दिला' असे दिसते, पण पासबुकात काही नाही. पंचायत समिती म्हणते बँकेत जा, बँक म्हणते पंचायत समितीत जा. काय करावे?
*एक वाचक, नांदेड जिल्हा*

'दिला' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपतात, म्हणून आधी त्या सोडवून घ्या. हप्त्यासाठी पंचायत समितीतून एफटीओ, म्हणजे निधी हस्तांतरण आदेश, तयार होतो. त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या होतात. मग पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीतून रक्कम बँकेकडे जाते. एफटीओ तयार आहे पण दुसरी सही बाकी आहे, सही झाली पण बँकेने रक्कम परत पाठवली, किंवा रक्कम जमा झाली पण दुसऱ्याच खात्यात, असे काहीही असू शकते.

पंचायत समितीच्या घरकुल कक्षात 'हप्ता का नाही' असे विचारू नका. 'एमएच'ने सुरू होणारा आपला नोंदणी क्रमांक द्या आणि एवढेच मागा: एफटीओ क्रमांक, त्याची तारीख, आणि ज्या खात्यात रक्कम गेली त्याचे शेवटचे चार अंक. हे चार अंक मिळाले की निम्मी भानगड तिथेच सुटते. आधारवर आधारित पेमेंट असेल तर रक्कम शेवटी आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि अनेकदा ते नवीन सिम घेताना अंगठा देऊन नकळत उघडलेले पेमेंट बँकेचे खाते असते. सध्या आधारला कोणती बँक जोडली आहे, हे 'माय आधार' संकेतस्थळावर दिसते.

रक्कम परत गेली असेल तर नेहमीची कारणे ठरलेली आहेत. खाते व्यवहाराअभावी निष्क्रिय झालेले असते, बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी, म्हणजे शाखेचा सांकेतांक, बदललेला असतो, नावात फरक असतो. एक कारण मात्र बँकेतले लोकही पटकन सांगत नाहीत. केवायसी अपुरे असलेल्या 'छोट्या खात्या'त ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. जनधन खाते असे असेल तर घरकुलाचा हप्ता तिथे अडकणारच. केवायसी पूर्ण करून घ्या आणि पंचायत समितीला हप्ता पुन्हा पाठवण्यासाठी लेखी अर्ज द्या. पोहोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

एफटीओच तयार नसेल तर अडचण बँकेत नाही, फोटोत आहे. प्रत्येक टप्प्याचा फोटो ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याने जागेवर येऊन ॲपमधून अक्षांश-रेखांशासह काढायचा असतो. जोत्याचा फोटो चढलाच नाही किंवा तपासणीत नाकारला गेला, तर पुढचा हप्ता निघत नाही.

प्रश्न : घरकुलाला सरकार नेमके किती देते? गावात कोणी १ लाख २० हजार म्हणते, कोणी दोन लाख.
*एक वाचक, यवतमाळ जिल्हा*

दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार. त्याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० रुपये होते. शौचालयाचे १२ हजार वेगळे, पण आधी त्या कुटुंबाने घेतले नसतील तरच. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील घरांना राज्याने २०२५ मध्ये आणखी ५० हजार जाहीर केले. त्यातले ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरच्या सौरसंचासाठी. संच बसवला नाही तर ते १५ हजार धरू नका.

सगळ्यात जास्त बुडते ती मजुरी. ती हप्त्यात येत नाही, हजेरीपटावर म्हणजे मस्टरवर येते. काम सुरू असतानाच ग्रामरोजगार सेवकाकडे मागणी नोंदवून मस्टर काढून घ्यावे लागते. घर पूर्ण झाल्यावर मागच्या तारखेचे मस्टर निघत नाही, आणि मग कोणी 'काढून देतो' म्हणाले तर ते बोगस असते. मस्टरवर तुमच्याच घराच्या नावाने दुसऱ्यांची हजेरी लागली आहे का, हेही पाहा. घरकुलाच्या कामाचा सांकेतांक घेतला की रोजगार हमीच्या संकेतस्थळावर नावांसह मस्टर उघडते.

आणखी एक गोष्ट, हिशेबाची नसली तरी हिशेब बिघडवणारी. योजनेतले किमान घर २५ चौरस मीटरचे, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचे. लोक जोते ५०० फुटांचे घालतात, पैसा छज्जापर्यंत संपतो, स्लॅब पडत नाही आणि पुढचा हप्ता अडतो. मग दोष पंचायत समितीवर जातो. आधी बसते तेवढे घर बांधा, वाढ नंतर करा. वाळूसाठी घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत मोफत वाळूची तरतूद आहे. तहसील कार्यालयातून तिचा परवाना मागा.

प्रश्न : फोटो चढवायला पैसे मागतात. तक्रार केली तर घरच अडकवतील अशी भीती वाटते.
*नाव न छापण्याची विनंती*

पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करा. 'देण्याआधी' हाच मुद्दा आहे. सापळा मागणी झाल्यावर आणि पैसे हातात पडण्यापूर्वी लागतो. मागणारा कंत्राटी असो की अधिकाऱ्याच्या नावाने फिरणारा खासगी माणूस, तक्रार घेतली जाते.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळीसुद्धा बाहेरून आणायला सांगतात. रुग्ण कल्याण समितीला लाखो रुपये येतात असे ऐकतो. ते जातात कुठे?
*एक वाचक, सातारा जिल्हा*

येथे दोन वेगळे पैसे मिसळले आहेत. ते वेगळे केले नाहीत तर माहिती अधिकारातला तुमचा अर्ज पहिल्याच टेबलावर निकालात निघेल.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला बांधील नसलेला, म्हणजे ठरावीक कामालाच न बांधलेला, निधी २५ हजार, देखभाल-दुरुस्तीला ५० हजार आणि रुग्ण कल्याण समितीला, म्हणजे केंद्राचा असा खर्च ठरवणाऱ्या समितीला, १ लाख, असे एकूण १ लाख ७५ हजार रुपये ठरलेले आहेत. दिवसाला ४८० रुपयेही पडत नाहीत. यातून नळ, दिवे, स्वच्छता, किरकोळ साहित्य आणि निकडीचे औषध एवढेच भागते. तेव्हा 'लाखो रुपये खाल्ले' असे ग्रामसभेत ओरडण्यात अर्थ नाही. प्रामाणिक डॉक्टरही त्याने दुखावतो आणि जो खरेच बिले फाडतो तो निर्धास्त होतो.

मुख्य औषधसाठा या निधीतून येतच नाही. तो राज्य किंवा जिल्हा पातळीवर खरेदी होऊन केंद्रात पोहोचतो आणि 'ई-औषधी' प्रणालीत नोंदला जातो. राज्याच्या खरेदीसाठी २०२३ पासून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा आहे; त्याआधी हे काम हाफकिनकडे होते. म्हणून औषध नसण्याची चार कारणे संभवतात: केंद्राने मागणीच केली नाही, मागणी केली पण वरून आले नाही, आले पण मुदत संपून पडले, किंवा आले आणि नोंदीपेक्षा वेगळ्या वाटेने गेले. प्रत्येकाचा जबाबदार माणूस वेगळा.

तीन औषधे निवडा, तीन महिने निवडा. रक्तदाबाची, मधुमेहाची आणि एक प्रतिजैविक. त्यांच्या मागणीपत्राची प्रत, साठा नोंदवहीची पाने आणि मुदतबाह्य औषधांची यादी मागा. मागणी ५ हजार गोळ्यांची आणि पुरवठा ५०० चा दिसला तर तुमचे भांडण वैद्यकीय अधिकाऱ्याशी नाही, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याशी आहे. वहीत साठा शिल्लक आणि त्याच तारखेला रुग्णाला बाहेरची चिठ्ठी असेल, तर मात्र प्रश्न केंद्रातच आहे. त्यासाठी चिठ्ठ्या जपून ठेवा. औषध बाहेरून आणायला सांगितले तर ते केस पेपरवरच लिहून मागा. सुट्या कागदावरची चिठ्ठी नंतर कोणी ओळखत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालये आणि महापालिकांची रुग्णालये यात येत नाहीत, हे लक्षात असू द्या. अनेक वाद तिथेच होतात.

रुग्ण कल्याण समितीकडून तीन कागद मागा: वर्षभराच्या बैठकांचे इतिवृत्त, रोकडवही आणि प्रमाणके म्हणजे व्हाउचर. इतिवृत्तातला ठराव आणि व्हाउचरची तारीख शेजारी ठेवा. खर्च आधी आणि ठराव नंतर, किंवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकाच दुकानाची ओळीने पाच बिले, ही नेहमीची लक्षणे. गावपातळीवर आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे वर्षाला १० हजार असतात. तेही विचारा, कारण ते कोणीच विचारत नाही.

राज्यात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम काही जिल्ह्यांत चालला. जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर गावकरी असाच लेखी तपशील मांडत. तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा त्याला उत्तर देणे अवघड जाते.

प्रश्न : माहिती अधिकारात 'गेल्या दहा वर्षांतील सर्व निधीची संपूर्ण माहिती' मागितली. 'माहिती विस्तृत आहे, एकापेक्षा जास्त विषय आहेत' असे उत्तर आले.
*एक वाचक, जळगाव जिल्हा*

उत्तर चीड आणणारे आहे, पण अर्जाने ते ओढवून घेतले. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा हवा. 'का', 'कोणी चूक केली' असे प्रश्न विचारू नका. कायदा अस्तित्वात असलेला कागद देतो, खुलासा देत नाही. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यामध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, असे लिहा:

'१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील (केंद्राचे नाव) येथील रुग्ण कल्याण समितीची रोकडवही, बैठकांचे इतिवृत्त व सर्व प्रमाणके यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. प्रती देण्यापूर्वी मला मूळ अभिलेखांची पाहणी करायची आहे.'

शेवटचे वाक्य कामाचे आहे. पाहणीचा पहिला तास मोफत असतो. पाने पाहून हवी तेवढीच निवडली की पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

मुदत ३० दिवसांची. ती उलटल्यावर माहिती दिली तर कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य द्यावी लागते. मुदत संपल्यापासून किंवा उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. विलंबाला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार दंड आहे खरा. पण आयोगाकडे अपिलांचा ढीग असतो आणि सुनावणी लवकर लागत नाही. म्हणून सगळी भिस्त अपिलावर न ठेवता सोमवारची सोय वापरा. राज्याच्या नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत व स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अर्जाशिवाय अभिलेख पाहता येतात. बरेचदा खिडकीवरच्या माणसाला हे माहीत नसते. शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवा.

प्रश्न : 'ऑडिट झाले आहे' म्हणून ग्रामपंचायत अधिकारी हिशेब दाखवत नाहीत. ऑडिट झाल्यावर विचारायचा हक्क संपतो का?
*एक वाचक, सोलापूर जिल्हा*

उलट तिथून सुरू होतो. ऑडिट झाले म्हणजे सगळे ठीक, असे नसते. लेखापरीक्षकाने काय काय आक्षेप घेतले, हे अहवालात असते. मागच्या तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल आणि त्याचा अनुपालन अहवाल, म्हणजे आक्षेपांवर पुढे काय केले त्याचा कागद, मागा. 'वसूलपात्र रक्कम' हा रकाना आधी पाहा, मग ती खरेच वसूल झाली का, हे नमुना ५ म्हणजे सामान्य रोकडवहीत तपासा. कामाबाबत शंका असेल तर मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही, मागा. वित्त आयोगाच्या निधीतून उपकेंद्राच्या दुरुस्तीचे बिल निघाले असेल तर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर त्याची नोंद मिळते. त्यातली रक्कम आणि मोजमाप पुस्तिकेतले चौरस मीटर घेऊन टेपसह जागेवर जा. रंगकाम दोन हातांचे मोजले आणि भिंतीवर एकच हात, हे टेपने नाही पण नखाने कळते.

प्रश्न : महालेखापरीक्षकांचे (कॅग) अहवाल इतके कडक असतात, तरी कोणाला शिक्षा का होत नाही?
*एक वाचक, ठाणे*

कॅगला शिक्षेचा अधिकारच नाही. अहवाल विधिमंडळात मांडला जातो, लोकलेखा समिती सचिवांना बोलावते आणि शिफारस करते. जिल्हा परिषदांसाठी पंचायत राज समिती आहे. कारवाई विभागाने करायची, आणि तिथे ती थंडावते. २०२३ मध्ये आयुष्मान भारत योजनेवरील अहवालात एकाच मोबाइल क्रमांकावर, नऊ हा अंक दहा वेळा, सुमारे साडेसात लाख लाभार्थी जोडलेले आढळले होते. हे मुद्दाम सांगितले, कारण एवढी मोठी चूक दहा अंकी रकाना तपासूनही सापडते. तुमच्या जिल्ह्याचा उल्लेख असलेला परिच्छेद शोधा, त्याचा क्रमांक लिहा आणि विभागाकडे 'या परिच्छेदावर केलेल्या कारवाईची प्रत' मागा.

प्रश्न : मी पुण्यात राहतो. गावच्या उपकेंद्राची माहिती मागता येईल का? कारण विचारले तर?
*एक वाचक, पुणे*

येईल. नागरिक असणे पुरेसे आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे कारण विचारता येत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.