एचपीव्ही पॉझिटिव्ह आलंय, नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नाही. बायकांमध्ये हे किती कॉमन असतं?

खूप कॉमन. संबंध आलेल्या दहातल्या आठेक जणांना, बाई असो की पुरुष, कधी ना कधी हा संबंधातून पसरणारा व्हायरस होतोच आणि बहुतेकांचा दोन वर्षांच्या आत आपोआप जातो, कळतही नाही. तुम्हाला कळलं कारण तुम्ही टेस्ट केलीत, एवढंच. पण ते 'नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नाही' तुम्हाला प्रश्नातच लिहावं लागलं ना, तिथे माझं डोकं फिरलं. तुमच्यावर नाही हो.

आमच्या धाकट्या जावेचं सेम झालं. अंगावरून जायचं म्हणून गायनॅककडे गेली, त्यांनी पॅप स्मिअरबरोबर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) एचपीव्हीही करून घेतली, हाय रिस्क पॉझिटिव्ह, म्हणजे पुढे कॅन्सर करू शकणारा प्रकार. तिने भाबडेपणाने रिपोर्ट वन्संना व्हॉट्सॲप केला, कारण वन्सं कधीकाळी लॅबमध्ये होत्या म्हणून त्यांना कळतं असा घरात समज. वन्संनी 'लैंगिक संबंधातून पसरतो' एवढंच वाचलं आणि रविवारी जेवणं झाल्यावर सासूबाईंसमोरच काढलं, हे आलं कुठून म्हणून. जाऊ खरकटं काढत होती, दीर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. लग्नाआधी कितीतरी वर्षं नोकरीसाठी परगावी एकटा राहिलेला माणूस, त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मग मी विचारलं. तर वन्सं म्हणे, पुरुषांना कुठे असतं असलं काही! असतं की, फक्त पुरुषांसाठी अशी रुटीन टेस्टच नाही, म्हणून पॉझिटिव्ह दरवेळी बाईच निघते. शिवाय हा व्हायरस वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो, त्यामुळे कुणाकडून आला, कधी आला हे डॉक्टरसुद्धा सांगू शकत नाहीत.

त्यावर त्यांचं पुढचं, की हे शहरातल्या मोकळ्या वागणाऱ्या बायकांचं, आपल्याकडे नसतं. आपल्याकडे म्हणजे कुठे? उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने लाखाच्या वर बायकांचा अभ्यास केला, ३० ते ५९ वयाच्या, २००९ मध्ये छापून आलाय. त्यात ज्यांची एचपीव्ही टेस्ट झाली त्यातल्या साधारण १० टक्के पॉझिटिव्ह होत्या. डोक्यावर पदर घेऊन शेतात राबणाऱ्या बायका हो, यांचंही कॅरेक्टर काढणार का? आणि त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या टेस्टने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे टेस्ट करणाऱ्या बाईचं कौतुक करायचं सोडून चौकशी लावायची, हे आपलं चाललंय.

जावेची कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख बघतात ती) नॉर्मल आली, वर्षाने परत टेस्ट केली तर निगेटिव्ह. वन्सं त्यावर अजून एक अक्षर बोललेल्या नाहीत. आता त्यांची मुलगी बारा वर्षांची झालीये, मी म्हटलं एचपीव्हीची लस देऊन टाका, आपल्या पुण्याच्या सिरमची २०२३ पासून मिळते, ९ ते १४ मध्ये दिली तर दोनच डोस. तर म्हणे आमच्या मुलीला काय गरज. अहो संबंध येण्याआधीच द्यायची असते ती, नंतर फायदा कमी होतो, पण 'लस दिली म्हणजे मुलीला मोकळीक दिली' हे डोक्यात बसलंय ते बसलंय. तुम्हाला मुलगी असेल तर वाट बघू नका आणि नातेवाइकांना विचारत तर अजिबात बसू नका. मुलगा असेल तर त्यालाही द्या, पण त्यासाठी कुठली लस ते डॉक्टरांना विचारून.

हां, एक राहिलं, मी डॉक्टर नाही. 'आपोआप जातो' वाचून निवांत बसू नका. रिपोर्टमध्ये व्हायरसचा टाइप कुठला लिहिलाय ते बघा, १६ किंवा १८ असेल तर वर्षभर थांबायचं नसतं, लगेच कॉल्पोस्कोपी करून घ्या, कारण आपल्याकडचे बहुतेक गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोघांमुळेच होतात. दुसरा टाइप असेल तर पॅपचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसत असेल तर टाइप कुठलाही असो, याच आठवड्यात जाऊन या.