वाफेच्या युगातील संशोधक नायिका

प्रश्न : स्टीमपंक कथांतील यंत्रे घडवणाऱ्या नायिकेला इतिहासाचा काही आधार आहे का?

उत्तर : आहे, आणि तो भक्कम आहे. ‘स्टीमपंक’ हा शब्द लेखक के. डब्ल्यू. जीटर यांनी १९८७ मध्ये वापरला. वाफेच्याच बळावर जग पुढे गेले असते तर, ही त्यामागील कल्पना. मला मात्र १८४३ हे वर्ष अधिक मोलाचे वाटते. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्या, कधीच पूर्ण न झालेल्या गणनयंत्रावर गणिती एडा लव्हलेस यांनी त्या वर्षी विस्तृत टिपणे प्रसिद्ध केली आणि छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर चालणारे ते यंत्र बर्नूली संख्या (गणितातील एक विशिष्ट संख्यामालिका) कशा काढील, हे पायरीपायरीने तक्त्यात मांडले. संख्यांपलीकडे जाऊन असे यंत्र संगीतही रचू शकेल, हा विलक्षण विचारही त्याच टिपणांत आहे.