टिपण नंतर लिही

प्रिय,

नव्या नृत्यरचनेचं तुझं टिपण वाचलं. विश्व, काळ, मुक्ती, सगळं आहे त्यात. पहिल्या आवर्तनात पाऊल कुठलं पडणार, तेवढं मात्र सापडलं नाही.

रशियन नृत्यरचनाकार फ्योदर लोपुखोव आठवला. पेट्रोग्राड (पुढचं लेनिनग्राड), ७ मार्च १९२३. बीथोव्हनच्या चौथ्या सिंफनीवर त्याने बॅले बसवला. गोष्ट नाही, राजपुत्र नाही, निव्वळ नाच. पण नाव 'विश्वाची भव्यता', आणि भागांना प्रकाशाचा जन्म, मृत्यूतलं जीवन असली शीर्षकं! नाच संपला, प्रेक्षागृह गप्प. तो बॅले त्या काळी पुन्हा काही रंगमंचावर आला नाही.

माझ्या मते ओझं झालं ते शब्दांचं. नाचाचा विचार पक्का होता: संगीताच्या तालावर नुसतं नाचायचं नाही, त्याची बांधणीच अंगात उतरवायची. त्या नर्तकांत एकोणीस वर्षांचा बालान्चिवाद्झे होता. पुढे अमेरिकेत जॉर्ज बॅलन्शिन म्हणून त्याने गोष्टीविना बॅले रचले, तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं.

तू 'परंपरा मोडायची' म्हणतेस ना, म्हणून हे नीट वाच. 'विश्वाची भव्यता'च्या आदल्याच वर्षी याच लोपुखोवने एकोणिसाव्या शतकातल्या बॅलेकार पेतिपाची 'स्लीपिंग ब्यूटी' पुन्हा उभी केली होती. त्यातल्या लायलॅक परीसाठी त्याने स्वतः रचलेला एकल नाच आजही नाचतात, आणि तो पेतिपाचाच वाटतो. इतकं जुनं ज्याच्या अंगात मुरलं होतं, त्याने मोडायला घेतलं होतं.

पुढचं वाईट आहे. शोस्ताकोविचचं संगीत असलेला त्याचा 'बोल्ट' हा बॅले १९३१ मध्ये एका प्रयोगातच बंद पडला. त्याच्याच 'ब्राइट स्ट्रीम' या बॅलेवर फेब्रुवारी १९३६ मध्ये 'प्रावदा' या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राने झोड उठवली. लोपुखोवचं पद गेलं, त्या बॅलेच्या संहितेचा सहलेखक पिओत्रोव्स्की, त्याला पुढच्या वर्षी गोळ्या घातल्या. हे तुला धीर द्यायला सांगत नाहीये. तुझ्या स्पर्धेच्या परीक्षकांची त्या काळाशी तुलनाच नको. १९६२ मध्ये, पंचाहत्तरीत, त्याने लेनिनग्राड कॉन्झर्वेटरीत नृत्यरचनाकारांसाठी विभाग सुरू केला, एवढं लक्षात ठेव.

आता काम. शिकवलेली आमद, कथकमधली ती प्रवेशाची रचना, जशीच्या तशी बसव. मध्ये स्वतःचा एक तुकडा असा घाल, की मला जोड कळता कामा नये. रविवारी दाखव. टिपणाचं त्यानंतर बघू.

सस्नेह,
ताई